वडिलांच्या हाताखाली मुलगा : अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडा विभागांतील नातीगोती आणि दाद मागण्याचा प्रश्न

नदीकाठ (धागाकर्ता)

गेली सोळा वर्षे मी आयोवा राज्यात राहतो आणि शरद ऋतूतील बहुतेक शनिवार मी आयोवा सिटीच्या किनिक स्टेडियमवर किंवा घरी दूरचित्रवाणीसमोर घालवले आहेत. येथे येईपर्यंत अमेरिकन फुटबॉलचा मला गंधही नव्हता. सामन्याचा पहिला चतुर्थांश संपला की सत्तर हजारांच्या आसपास प्रेक्षक शेजारच्या बालरुग्णालयाच्या खिडक्यांकडे वळतात आणि आत उपचार घेणाऱ्या मुलांना हात हलवून दाखवतात. ही प्रथा २०१७ मध्ये सुरू झाली. तो क्षण प्रत्यक्ष पाहिला आणि त्या दिवसापासून हा संघ मला आपला वाटू लागला. पुढे जे लिहितो आहे ते त्याच आपलेपणातून लिहितो आहे.

आयोवा विद्यापीठाच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ हे १९९९ च्या हंगामापासून त्या पदावर आहेत. त्यांचे चिरंजीव ब्रायन याच संघातून खेळले, न्यू इंग्लंड पेट्रिअट्स या व्यावसायिक संघात त्यांनी काही वर्षे काम केले, २०१२ मध्ये ते वडिलांच्या संघात प्रशिक्षक म्हणून परतले आणि २०१७ मध्ये आक्रमणाचे प्रमुख, म्हणजे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाले. नातेवाइकांच्या नेमणुकीसंबंधी विद्यापीठाचा नियम असल्यामुळे ब्रायन हे कागदोपत्री वडिलांना उत्तरदायी नव्हते, तर क्रीडा संचालक गॅरी बार्टा यांना होते. मैदानावर, सरावात आणि खेळाडूंच्या निवडीत ते रोज वडिलांबरोबर काम करीत. वार्षिक मूल्यमापन मात्र दुसऱ्याच इमारतीतील एक अधिकारी करीत असे.

२०२२ च्या हंगामात एकूण यार्डांच्या, म्हणजे चेंडू पुढे नेलेल्या अंतराच्या, क्रमवारीत आमचे आक्रमण देशातील १३१ संघांमध्ये १३० वे आले. इतरत्र अशा वेळी मुख्य प्रशिक्षक सहकाऱ्याला बोलावून निरोप देतो, कारण तसे न केल्यास पुढच्या वर्षी त्याचीच खुर्ची डळमळते. येथे तसे घडले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रायन यांच्या करारात दुरुस्ती करण्यात आली. त्यांचे वेतन नऊ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर आणले गेले, संघाने प्रतिसामना सरासरी २५ गुण मिळवावेत आणि किमान ७ सामने जिंकावेत अशी अट घालण्यात आली, आणि ती पूर्ण न झाल्यास करार संपेल असे ठरले. या २५ गुणांत बचावफळीने मिळवलेले गुणही धरले जाणार होते. म्हणजे आक्रमणाच्या प्रमुखाचे मोजमाप त्याच्या हाती नसलेल्या खेळाडूंच्या कामगिरीवरही होणार होते. पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. बार्टा निवृत्त झाले, त्यांच्या जागी हंगामी क्रीडा संचालक म्हणून बेथ गोएट्झ आल्या, आणि संघाने ८ पैकी ६ सामने जिंकलेले असतानाही ३० ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांनी जाहीर केले की हंगाम संपल्यावर ब्रायन पदावर राहणार नाहीत. १४ सामन्यांत संघाचे एकूण २१६ गुण झाले, म्हणजे सरासरी १५.४.

मला या प्रकरणातील पराभवांपेक्षा तो करारातील आकडा अधिक अस्वस्थ करतो. जेथे माणसांच्या तोंडून मोकळेपणाने "हे चालत नाही" असा शब्द निघू शकत नाही, तेथेच असा आकडा कागदावर लिहावा लागतो. सहकारी प्रशिक्षकांपैकी कोणाला आक्रमणाच्या आखणीविषयी आक्षेप असेल, तर तो त्याने कोणाकडे न्यायचा? मुख्य प्रशिक्षकाकडे नेला तर ते वडील आहेत. क्रीडा संचालकाकडे नेला तर मुख्य प्रशिक्षकाला डावलल्याचा ठपका येतो. हा प्रश्न केवळ एका कुटुंबाचा आहे की क्रीडा विभागांच्या रचनेचाच आहे, याविषयी येथील जाणकारांची मते वाचायला आवडतील.

सुमेधा_क

लेख संयमाने लिहिला आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. मी अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठाच्या मनुष्यबळ विभागात नोकरी करते. क्रीडा विभागाशी माझा थेट संबंध नाही, पण नात्यांसंबंधीचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. माझे पतीही याच विद्यापीठात आहेत, म्हणून मी या प्रश्नाकडे दोन्ही बाजूंनी पाहते.

छोट्या गावात वसलेल्या विद्यापीठाला चांगला माणूस हवा असेल, तर त्याच्या जोडीदारालाही काम द्यावे लागते, कारण त्या परिसरात दुसरा मोठा मालकच नसतो. अशा नेमणुकांवर सरसकट बंदी घातली, तर तिचा पहिला फटका स्त्रियांना बसतो. नोकरी कोणी सोडायची हा प्रश्न आला की उत्तर बहुतेक घरांत आधीच ठरलेले असते. म्हणूनच बहुतेक विद्यापीठे बंदी न घालता व्यवस्था लावतात. नाते लेखी जाहीर करायचे, नातेवाइकाची नेमणूक, वेतनवाढ, मूल्यमापन आणि शिस्तभंग या चार बाबींत भाग घ्यायचा नाही, आणि ती जबाबदारी तिसऱ्या व्यक्तीवर सोपवायची, अशी ती व्यवस्था असते. रसायनशास्त्र विभागात हे पुष्कळ अंशी चालते, कारण तेथे प्रत्येक जण आपापल्या प्रयोगशाळेत काम करतो आणि त्याचे शोधनिबंध बाहेरचे लोक तपासतात.

फुटबॉल संघाची रचना याच्या अगदी उलट असते. तेथे मुख्य प्रशिक्षक हा विद्यापीठातील सर्वाधिक वेतन घेणाऱ्यांपैकी एक असतो, आणि मूल्यमापन ज्या क्रीडा संचालकावर सोपवले जाते त्याचे स्वतःचे स्थान त्या प्रशिक्षकाच्या यशावर टिकून असते. त्यामुळे अधिकाराची रेषा कागदावर वर नेली, तरी प्रत्यक्षात ती खालीच येते. नदीकाठ यांनी उल्लेखिलेली तरतूद मला म्हणूनच अपुरी वाटते. तरीही एक गोष्ट नोंदवते. आमच्या कार्यालयात पतीच्या विभागाशी संबंधित एखादी फाईल आली, की ती मी न उघडता सहकाऱ्याकडे देते, आणि तसे करूनही "तुमचे काय, घरातच सगळे ठरते" हे वाक्य मी ऐकलेले आहे. ज्याने नियम पाळला त्याच्यावरही संशय राहतो, ही या प्रश्नाची दुसरी बाजू आहे आणि तिची वेदना बाहेरून दिसत नाही.

तालमीचा_पोरगा

मी कोल्हापूरचा. फुटबॉलमधले मला कळत नाही, पण आयोवा म्हटले की आम्हा कुस्तीवाल्यांच्या डोळ्यांसमोर दुसरेच चित्र उभे राहते. त्याच विद्यापीठाच्या कुस्ती संघाचे मुख्य प्रशिक्षक टॉम ब्रँड्स २००६ पासून त्या पदावर आहेत, आणि त्यांचे जुळे बंधू टेरी हे त्यांचे सहप्रशिक्षक आहेत. म्हणजे एकाच क्रीडा विभागात सख्खे भाऊ वर्षानुवर्षे एकत्र काम करीत आहेत. त्यांच्या कारकिर्दीत संघाने २००८, २००९, २०१० आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. या नात्याविषयी फुटबॉलसारखा गदारोळ झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

असे का झाले असावे, यावर मी बराच विचार केला. टॉम यांच्याकडे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचे सुवर्णपदक आहे. टेरी यांच्याकडे २००० च्या सिडनी ऑलिंपिकचे कांस्यपदक आणि दोन जागतिक विजेतेपदे आहेत. भावाने बोलावण्याआधीच टेरी यांची पात्रता साऱ्या जगाने पाहिलेली होती, आणि ती भावाने दिलेली नव्हती. शिवाय कुस्तीत शिष्य चितपट झाला तर तो सगळ्या मैदानाला दिसतो, त्याची जबाबदारी दुसऱ्या फळीवर ढकलता येत नाही. आमच्याकडे वस्तादाचा मुलगा वस्ताद झाला तर कोणाला वावगे वाटत नाही, कारण तो लहानपणापासून त्याच मातीत लोळलेला असतो आणि त्याच्या पाठीला किती वेळा माती लागली हे सगळ्या पेठेने पाहिलेले असते. घरात चालत आलेली विद्या ही खरी विद्या आहे. सरावाची शिस्त, खुराक आणि दुखापतीची जाण या गोष्टी जेवणाच्या ताटावर बोलता बोलता शिकलेला मुलगा आणि पंचविसाव्या वर्षी प्रमाणपत्र घेऊन आलेला मुलगा यांत फरक असणारच. म्हणून नाते दिसले की लगेच वशिला म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आदित्य_पु

तालमीचा_पोरगा यांच्या मुद्द्याला बास्केटबॉलमधून दोन उदाहरणे जोडतो, कारण ती जवळजवळ एकाच काळातील आहेत. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात डिक बेनेट २००६ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांचे सहायक असलेले चिरंजीव टोनी मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्याच हंगामात संघाने २६ सामने जिंकले, टोनी यांना राष्ट्रीय पातळीवर वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान मिळाला, आणि पुढे व्हर्जिनिया विद्यापीठाला त्यांनी २०१९ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. टेक्सास टेक विद्यापीठात बॉब नाइट यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये, म्हणजे हंगाम चालू असतानाच, पद सोडले आणि त्यांचे चिरंजीव पॅट यांनी सूत्रे घेतली. त्यांचा उत्तराधिकार आधीच ठरवून ठेवलेला होता. २०११ मध्ये विद्यापीठाने पॅट यांना दूर केले, आणि तोपर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत पराभवांची संख्या विजयांपेक्षा जास्त होती.

दोन्हीकडे मुलगाच वारस होता, दोघेही वडिलांच्या हाताखाली तयार झाले होते, आणि निकाल एकमेकांच्या विरुद्ध लागले. त्यामुळे नात्यावरून गुणवत्तेविषयी कोणताच निष्कर्ष काढता येत नाही असे मला वाटते. मात्र वडील निवृत्त होऊन मुलगा मुख्य प्रशिक्षक झाला की तो इतर कोणाही प्रशिक्षकासारखा उघड्यावर येतो आणि हरला तर जातो, हेही या दोन उदाहरणांत दिसते. वडील पदावर असताना मुलगा हाताखाली असतो तेव्हा तसे होत नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात बॉबी बाउडेन फुटबॉलचे मुख्य प्रशिक्षक असताना त्यांचे चिरंजीव जेफ २००१ पासून आक्रमणाचे प्रमुख होते. चाहत्यांची नाराजी वर्षानुवर्षे वाढत गेली आणि जेफ यांचा राजीनामा आला तो थेट २००६ मध्ये.

निवृत्त_क्रीडासंचालक

चर्चा अमेरिकेची आहे, तरी आपल्याकडील एक अनुभव सांगितल्यास विषयाला धरूनच होईल, कारण दाद कोणाकडे मागायची हाच प्रश्न मी सत्तावीस वर्षे पाहिला. मी एका तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होतो. संस्थेचे नाव घेत नाही. ती संस्था एका घराण्याने उभी केली आणि त्यांनी खेड्यापाड्यांतील मुलांसाठी खरोखरच मोठे काम केले, हे आधी सांगितले पाहिजे. परंतु एका वर्षी संस्थेच्या सचिवांचे पुतणे माझे सहकारी म्हणून आले आणि कबड्डीच्या निवड समितीत बसले. त्याच वर्षी त्यांचा धाकटा चुलतभाऊ निवड चाचणीला उतरला.

तो मुलगा वाईट खेळत नव्हता. पहिल्या बारा जणांत त्याला घ्यावे की न घ्यावे यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकला असता. मी सहकाऱ्याला एकांतात सुचवले की त्याने त्या दिवसापुरते समितीतून बाजूला बसावे. आपला पाल्य परीक्षेला बसला असेल तर त्या वर्षी आपण प्रश्नपत्रिका काढत नाही, उत्तरपत्रिका तपासत नाही, हा संकेत आपण सारे निमूटपणे पाळतो. मग चाचणीच्या मैदानावर तो का नको, एवढेच माझे म्हणणे होते. त्याला ते पटले नाही, आणि पुढे हे सचिवांच्या कानांवर गेल्यावर माझ्याशी बोलण्याची त्यांची पद्धत बदलली. मुलाची निवड झाली. त्या वर्षी आमचा संघ आंतरविभागीय स्पर्धेपर्यंत पोहोचलाही.

नुकसान झाले ते पुढच्या वर्षी. निवड चाचणीची सूचना फलकावर लावली तेव्हा आदल्या वर्षी चाळीसच्या वर मुले आली होती तेथे चौदा आली. न आलेल्यांपैकी एकाच्या घरी मी गेलो. रानातून नुकताच आलेला तो मुलगा ओट्यावर बसून होता. त्याने तक्रार केली नाही, कोणाचे नावही घेतले नाही. "सर, जागा भरल्यात म्हणं," एवढेच तो म्हणाला. त्याच्यासाठी तो खेळ केवळ खेळ नव्हता. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्या वाटेची पहिली पायरी अनेकदा महाविद्यालयाची चाचणीच असते. मी त्याला परत आणू शकलो नाही. सुमेधाताईंनी संशयाच्या वेदनेविषयी लिहिले ते मला पटते, पण जो मुलगा मैदानावर यायचाच थांबतो त्याचा संशय कोणत्याही कागदावर येत नाही.

तालमीचा_पोरगा

सर, आपला अनुभव वाचून मी माझ्या आधीच्या लिखाणात एक भर घालतो. वस्तादाच्या मुलाला मान मिळतो हे खरे, पण तालमीत जोड लावताना वस्ताद आपल्या मुलाला सोपा प्रतिस्पर्धी देऊ लागला, तर दुसऱ्या दिवसापासून पोरे दुसऱ्या तालमीत जातात. कोल्हापुरात दुसरी तालीम गल्लीच्या टोकाला असते. तालुक्याच्या गावात दुसरे महाविद्यालय नसते, आणि अमेरिकेतील शिष्यवृत्तीवरच्या खेळाडूलाही २०२१ च्या आधी संघ बदलणे सोपे नव्हते.

खाशाबा जाधवांची हकीकत या संदर्भात आठवते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकआधीच्या निवडीत आपल्याला एक गुण मुद्दाम कमी दिला गेला अशी त्यांची तक्रार होती, पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली आणि ते निवडले गेले, असे सांगितले जाते. त्यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवल्याची गोष्ट तर आमच्याकडे घरोघर माहीत आहे. वर दाद मागायला जागा होती आणि खाली पाठीशी उभा राहणारा प्राचार्य होता, म्हणून कांस्यपदक आले.

सुमेधा_क

एका वेगळ्या प्रकाराचाही येथे विचार व्हावा. केव्हिन व्हाइट हे आधी नोत्र दामचे आणि २००८ ते २०२१ या काळात ड्यूक विद्यापीठाचे क्रीडा संचालक होते. त्यांचे एक चिरंजीव डॅनी हे टेनेसी विद्यापीठाचे क्रीडा संचालक आहेत, दुसरे ब्रायन हे २०१८ मध्ये फ्लोरिडा अटलांटिकचे क्रीडा संचालक झाले, आणि तिसरे माइक हे बास्केटबॉल प्रशिक्षक आहेत. नदीकाठ यांच्या आयोवाला २०२३ च्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात ३५–० असे हरवणारा संघ याच टेनेसीचा होता. येथे कोणी कोणाच्या हाताखाली नाही, त्यामुळे आमच्या विभागाचा कोणताही नियम लागू होत नाही. तरी ज्या व्यवसायात वरच्या जागा मोजक्या आहेत आणि त्या बहुधा ओळखीतून भरल्या जातात, तेथे आडनावाचे वजन किती पडते हा प्रश्न उरतोच. त्यांच्या कामाविषयी माझी तक्रार नाही. डॅनी यांनी बफेलो आणि सेंट्रल फ्लोरिडा येथे काम करून मगच टेनेसी गाठले.

आणि कधी कधी नातेवाइकाची नेमणूक हेच आमिष असते. १९८३ मध्ये कॅन्सस विद्यापीठाने एड मॅनिंग यांना सहायक प्रशिक्षक नेमले, त्यांचे चिरंजीव डॅनी मॅनिंग तेथे खेळायला आले आणि १९८८ मध्ये संघ राष्ट्रीय विजेता ठरला. एड हे स्वतः व्यावसायिक बास्केटबॉल खेळलेले होते, म्हणून त्यांना अपात्र म्हणता येत नाही. पुढे राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एनसीएएने, नियम केला की पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये, भावी खेळाडूच्या जवळच्या व्यक्तीला त्याच्या प्रवेशाच्या आगेमागे बिगर-प्रशिक्षक पदावर नेमता येणार नाही. प्रत्यक्ष प्रशिक्षकपद मात्र मोकळे ठेवले. म्हणजे ज्याचे काम रोज सर्वांसमोर होते अशा जागेवर नातेवाईक चालेल, पण आतल्या कार्यालयातील नावापुरत्या जागेवर चालणार नाही. हा विचार मला योग्य वाटतो.

नदीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ब्रँड्स बंधू माझ्याच गावातले असून मला सुचले नव्हते, याची खंत वाटते. त्या उदाहरणाने माझे मत थोडे बदलले आहे. मी नात्यालाच दोष देऊ लागलो होतो, आणि वडिलांच्या हाताखाली मुलाने काम करूच नये असे लिहिण्याच्या बेतात होतो. आता तसे म्हणणार नाही. मुलाने आधी दुसरीकडे, परक्या माणसाच्या हाताखाली स्वतःला सिद्ध केलेले असावे, आणि त्याच्या नेमणुकीचा व मुदतवाढीचा निर्णय अशा व्यक्तीने घ्यावा की जिला वडिलांना दुखावूनही आपल्या पदावर राहता येईल. यातील पहिली अट ब्रायन फेरेंट्झ यांनी काही अंशी पूर्ण केली होती. दुसरी पूर्ण झाली ती क्रीडा संचालक बदलल्यावर, आणि त्यालाही आठ सामने जावे लागले.

नवे आक्रमणप्रमुख आल्यावर २०२४ च्या हंगामात संघाची सरासरी २५ गुणांच्या वर गेली. कर्क फेरेंट्झ अजूनही मुख्य प्रशिक्षक आहेत आणि मी अजूनही सामन्यांना जातो. त्या कुटुंबाविषयी गावात कटुता फारशी ऐकू येत नाही. माझे मन मात्र सरांच्या त्या ओट्यावर बसलेल्या मुलापाशी जाते. आमच्या संघात हंगामामागून हंगाम चेंडू झेलण्यासाठी धावत राहिलेली, आणि व्यावसायिक संघांच्या नजरेत येण्याइतकी संधीच न मिळालेली मुले होती. त्यांचे चार वर्षांचे महाविद्यालयीन आयुष्य संपून गेले. त्यांपैकी कोणी कोणाकडे काही बोलले होते का, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

निवृत्त_क्रीडासंचालक

नदीकाठ, आपण विचारले म्हणून सांगतो. निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या तीन वर्षांत मी प्राचार्यांच्या संमतीने एक पद्धत सुरू केली. निवड चाचणीच्या दिवशी शेजारच्या तालुक्यातील महाविद्यालयाचे दोन क्रीडाशिक्षक बोलवायचे, मुलांच्या पाठीवर नावाऐवजी क्रमांक लावायचे, आणि गुणपत्रक त्याच संध्याकाळी फलकावर लावायचे. बाहेरच्या शिक्षकांचा प्रवासखर्च काढणे एवढीच अडचण होती आणि ती मी पहिल्या वर्षी स्वतः सोसली. सचिवांचा विरोध झाला नाही. कदाचित त्यांनाही त्या संशयाचा कंटाळा आला असावा. तिसऱ्या वर्षी चाचणीला एकतीस मुले आली. चाळीसचा आकडा मला पुन्हा पाहायला मिळाला नाही.